गाणं मोठं वाजतं, पण ठोका छातीत बसत नाही

'आवाज' हा मराठीतला फार कामाचा शब्द, पण या विषयात तोच घोटाळा करतो. फोनवर किंवा अॅम्प्लिफायरवर बटण फिरवलं की आपण म्हणतो आवाज वाढवला. स्टुडिओत गाण्यावर शेवटचा हात फिरवतात, ज्याला मास्टरिंग म्हणतात, तिथेही 'जरा आवाज वाढवा' अशीच फर्माईश होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळजवळ काही संबंध नाही. बटण फिरवलं की गाण्यातलं सगळं सारख्या प्रमाणात वाढतं. कुजबुज दुप्पट झाली तर ढोलाचा ठोकाही दुप्पट होतो, दोघांतलं अंतर तसंच राहतं. फाइलमध्येच आवाज भरतात तेव्हा मात्र कुजबुज वर येते आणि ठोका होता तिथेच अडकून पडतो. पुढे 'आवाज' म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातातल्या बटणाचा, आणि 'लाउडनेस' म्हणजे फाइलमध्ये आधीच भरून ठेवलेला, एवढा फरक पाळू.

ठोका अडकतो तो कशाला, हे आधी बघायला हवं.

डिजिटल रेकॉर्डिंगला छत असतं. सीडीवर ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेली असते आणि प्रत्येक मोजमाप, म्हणजे नमुना, १६ बिटांचं असतं. म्हणजे आकडा जास्तीत जास्त ३२,७६७ आणि कमीत कमी उणे ३२,७६८. त्यापुढचा आकडा लिहायला जागाच नाही. या कमाल उंचीला शून्य डेसिबल धरतात आणि बाकी सगळं उण्यात मोजतात. उणे ६ म्हणजे साधारण निम्मी उंची, उणे २० म्हणजे दहावा हिस्सा. २४ बिटांची फाइल घेतली तर तळाकडची बारीक मापं वाढतात, छत मात्र तेच राहतं.

आता कानाकडे. कान शिखरं मोजत बसत नाही. तबल्याच्या चाटीवरची थाप काही मिलिसेकंदांत शिखर गाठते आणि लगेच ओसरते. एवढ्या क्षणभराच्या उंचीवरून कान 'हे गाणं मोठं आहे' असं ठरवत नाही. तो थोड्या अवधीतल्या ऊर्जेची सरासरी काढतो. म्हणून दोन गाण्यांची शिखरं अगदी सारखी, छताला टेकलेली असली तरी एक दुसऱ्याच्या दुप्पट मोठं वाटू शकतं. (दुप्पट मोठं वाटायला सरासरी साधारण १० डेसिबलने वाढावी लागते.)

शिखर आणि सरासरी यांच्यातल्या अंतराला क्रेस्ट फॅक्टर म्हणतात. शुद्ध साइन लहरीत ते ३ डेसिबल असतं आणि चौकोनी लहरीत शून्य, कारण चौकोनी लहर सदा शिखरावरच असते. तालवाद्यं असलेल्या, नीट राखलेल्या मिक्समध्ये (मास्टरिंगच्या आधी सगळे आवाज एकत्र बसवून केलेल्या प्रतीत) हे अंतर १२ ते १८ डेसिबल सहज असतं. आघाताचा जोर, गाण्यातली 'जान' म्हणतात ती, बरीचशी याच अंतरात राहते.

सगळी मेख इथे आहे. शिखरं छताला टेकलेली असताना सरासरी वाढवायची तर शिखरं छाटण्यावाचून दुसरा मार्ग नाही. कोणतंही महागडं उपकरण आणा, त्याच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, ते शेवटी हेच करतं. कोण किती सफाईने छाटतं, एवढाच काय तो फरक.

छाटायची तीन हत्यारं

पहिलं कॉम्प्रेसर. त्याला एक उंबरठा ठरवून देतात. समजा उंबरठा उणे २० डेसिबल आणि प्रमाण ४ ला १. आत येणारा ठोका उणे ८ चा असेल, तर तो उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर आहे. कॉम्प्रेसर त्या १२ चे ३ करतो. ठोका बाहेर पडतो उणे १७ वर, म्हणजे ९ डेसिबलने खाली आलेला. मग संपूर्ण गाणं परत वर उचलतात, आणि ठोक्यासोबत उंबरठ्याखालचं सगळंच वर येतं. कॉम्प्रेसर किती लवकर हात घालतो (अटॅक) आणि किती वेळाने सोडतो (रिलीज) यावर त्याचा स्वभाव ठरतो. अटॅक १० ते ३० मिलिसेकंद ठेवला तर थापेचं टोक निसटून पुढे जातं आणि मागची आस दबते, त्यामुळे थाप उलट अधिक ठसठशीत वाटू शकते. अटॅक १ मिलिसेकंदावर आणला की टोकच बोथट होतं. कॉम्प्रेसर हे वाईट हत्यार मुळीच नाही. गाणाऱ्याचा आवाज मिक्समध्ये एका पातळीवर बसवायला ते जवळपास रोज लागतं.

दुसरं लिमिटर. हा हट्टी कॉम्प्रेसर. याच्या उंबरठ्यापलीकडे काहीच जात नाही. डिजिटल लिमिटर काही मिलिसेकंद पुढचं आधीच वाचतो आणि शिखर येण्यापूर्वीच पातळी उतरवायला लागतो, ही त्याची चलाखी. १९९४ साली असा पुढचं बघणारा लिमिटर संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रूपात आला. त्यानंतर एक कळ ओढली की गाणं ५-६ डेसिबलने फुगतं, हे कोणालाही जमू लागलं.

तिसरं क्लिपर. हा सरळ कात्री चालवतो. छताच्या वरचं कापलं, संपलं. एक-दोन नमुन्यांपुरती कात्री चालली तर कानाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे जाणकार मास्टरिंग इंजिनिअरही ड्रमच्या टोकांवर ती जपून वापरतात. मर्यादा सोडली की आवाज फाटतो.

नेमकं काय बिघडतं

सर्वांत आधी आघात जातो. ड्रमचा ठोका म्हणजे सुरुवातीचं टोक आणि मागची घुमणारी शेपटी. टोक छाटलं आणि शेपटी वर उचलली की 'ठप्प'चं 'भुप्प' होतं. वाद्य ओळखू येतं, पण मारल्यासारखं वाटत नाही. ऐकणारा मग नकळत बटण आणखी वर नेतो, आणि वर येतो तो नुसता गलका.

मग येतं विरूपण. कापलेलं शिखर म्हणजे सपाट माथा, आणि सपाट माथ्याची लहर चौकोनी लहरीकडे झुकते. दोन्ही बाजूंनी सारखीच कापली गेली तर मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंप्रतेचे नवे स्वर तयार होतात. गाण्यात एका वेळी अनेक स्वर असतात, तेव्हा प्रकरण अधिक बिघडतं. १,००० आणि १,२०० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र क्लिप केले की ८०० आणि १,४०० हर्ट्झलाही आवाज उमटतो. हे नवे स्वर रागात, चालीत कुठेच नसतात. दाबलेल्या गाण्यात कोरस आला की जो खरखरीत धूर पसरल्यासारखा वाटतो, तो बराचसा यातूनच येतो.

डिजिटलमध्ये आणखी एक पेच आहे. ७,००० हर्ट्झचा स्वर क्लिप झाला की त्याचा पाचपट स्वर ३५,००० हर्ट्झला जायला हवा. पण ४४,१०० च्या नमुना-दरात २२,०५० च्या वर काही मावत नाही. तो स्वर आरशातल्यासारखा उलटून ९,१०० हर्ट्झला येऊन बसतो. मूळ स्वराशी त्याचं कसलंही नातं नाही. झांजा काचेचा चुरा सांडल्यासारख्या लागतात, त्यात याचा वाटा असतो. चांगले लिमिटर आणि क्लिपर आतल्या आत नमुना-दर चारपट-आठपट करून काम करतात, ते हे टाळण्यासाठीच. त्या सोयीचं नाव ओव्हरसँपलिंग. बंद असेल तर चालू करा.

लिमिटरच्या रिलीजचंही असंच. ५० हर्ट्झच्या खर्जाचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. रिलीज त्याहून कमी, समजा ५ मिलिसेकंद ठेवला, तर लिमिटर आख्ख्या ठोक्याची पातळी न सांभाळता प्रत्येक आवर्तनाच्या शिखरावर दाबतो आणि मध्ये सोडतो. म्हणजे तो लहरीचा आकारच बदलतो, आणि खर्ज गुरगुरू लागतो. रिलीज फार लांबवला तर उलटी तऱ्हा. खर्जाचा ठोका आला की सगळं गाणं खाली दबतं आणि अर्ध्या सेकंदात हळूहळू फुगून वर येतं. याला पंपिंग म्हणतात. गायिकेची लांब धरलेली तान ड्रमच्या प्रत्येक ठोक्यासरशी हलकेच खचत असेल, तर दोष तिच्या दमसासाचा नाही.

पुढचं नुकसान चटकन लक्षात येत नाही. बारीक आवाज वर येतात: दोन ओळींमधला श्वास, खोलीचा घुमारा, अॅम्प्लिफायरची सूं. दूरचं वाद्य दूर वाटतं ते त्याच्या बारीकपणामुळे आणि घुमाऱ्याच्या प्रमाणामुळे. सगळंच एका पातळीवर आलं की मागचं-पुढचं संपतं आणि वाद्यं एका भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसू लागतात. हो, दिसू लागतात, कारण डोळे मिटून ऐकणाऱ्याला जागा दिसतेच.

चढउताराचे दोन प्रकार इथे वेगळे करायला हवेत. एक ठोक्या-ठोक्यातला, मिलिसेकंदांचा. दुसरा कडव्या-ध्रुवपदातला, मिनिटांचा. लिमिटर मुख्यतः पहिल्याला खातो. अंतरा शांत आणि ध्रुवपद मोठं हा फरक दाबलेल्या गाण्यातही शिल्लक असू शकतो. म्हणून वेव्हफॉर्म (पडद्यावर दिसणारं लहरीचं चित्र) उघडल्यावर मधे एखादा शांत भाग दिसला की 'यात डायनॅमिक्स आहे' असं समजून फसू नका. मोठ्या भागाच्या आत काय झालंय, ते बघा.

दोन नमुन्यांच्या मधलं शिखर

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण अनेक चांगली मास्टर, म्हणजे मास्टरिंग होऊन निघालेल्या फाइली, याच एका गोष्टीने बिघडतात. फाइलमध्ये लहर नसते, लहरीवरचे ठिपके असतात. प्लेअर ते ठिपके जोडून लहर पुन्हा उभी करतो, आणि खरी लहर दोन ठिपक्यांच्या मधे त्यांच्यापेक्षा उंच जाऊ शकते.

किती उंच? ११,०२५ हर्ट्झचा साइन स्वर घ्या. ४४,१०० च्या दरात त्याच्या प्रत्येक आवर्तनावर बरोबर चार ठिपके पडतात. ते शिखरावर न पडता दोन्ही बाजूंच्या उतारांवर मध्यावर पडले, तर चारही ठिपके खऱ्या शिखराच्या ०.७०७ पट उंचीवर असतात. हे ठिपके कोणी छताला टेकवले, तर मीटर दाखवेल शून्य डेसिबल, आणि खरी लहर जाईल त्याच्या १.४१४ पट, म्हणजे छताच्या ३ डेसिबल वर. प्लेअरच्या आतल्या सर्किटला तेवढी मोकळीक ठेवलेली नसेल तर तिथे आवाज फाटतो. फाइल मात्र कागदोपत्री निर्दोष.

फाइल लहान करण्यासाठी तिचं एमपीथ्री किंवा एएसी करताना हेच आणखी वाढतं, कारण या पद्धती लहरीचा थोडा भाग टाकून देतात आणि उरलेल्यातून लहर पुन्हा उभी करताना शिखरं जराशी सरकतात. आधीच छताला चिकटलेलं गाणं असेल तर ती सरळ छतापार जातात. म्हणून ट्रू पीक दाखवणारा मीटर वापरतात. तो ठिपक्यांच्या मधली लहर चारपट बारीक काढून मोजतो.

सगळ्यांना हे कळत होतं, तरी असं का झालं

कारण सोपं आहे आणि त्यात कानाचाच दोष आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज बारीक असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढेल तसा ऐकण्याचा तोल सुधारतो. परिणाम असा की एकच गाणं दोनदा लावलं आणि दुसऱ्यांदा जेमतेम १ डेसिबलने वाढवून लावलं, तर ऐकणारा सहसा 'आवाज वाढला' म्हणत नाही. तो म्हणतो, 'हे जास्त भरीव आहे.' गाणं पसंत करायला बसलेला निर्माता दोन मास्टर लागोपाठ ऐकतो तेव्हा मोठं मास्टर याच कारणाने जिंकतं.

ही चढाओढ सीडीच्याही आधीची. ज्यूकबॉक्सचा, म्हणजे हॉटेलातल्या नाणं टाकून तबकडी वाजवायच्या यंत्राचा, आवाज एकदा मालकाने ठरवला की ठरला. त्यात जी तबकडी जास्त जोरात कापलेली, ती उठून ऐकू यायची. पण तबकडीला स्वतःचा लगाम होता. मोठा आवाज म्हणजे रुंद खाच, रुंद खाच म्हणजे एका बाजूवर कमी मिनिटं, आणि अती झालं तर सुई उडी मारणार. १९८२ मध्ये सीडी आली आणि हा लगाम सुटला. सीडीला लाउडनेस वाढवल्याने खेळाची मिनिटं कमी होत नाहीत. सुरुवातीची काही वर्षं इंजिनिअर छतापासून बरेच अंतर राखून राहिले. पुढे डिजिटल लिमिटर हाताशी आल्यावर नव्वदच्या दशकात अंतर भराभर बुजत गेलं.

२००८ मध्ये मेटॅलिका या मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला, तेव्हा सामान्य श्रोत्यांनाही हे कानांनी कळलं. त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये होती. एकाच वादनाच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून ऐकता आल्या, आणि सीडीची आवृत्ती फाटलेली आहे यावर वाद घालायला जागा उरली नाही. श्रोत्यांनी फेरमास्टरिंगसाठी सह्यांची मोहीमही चालवली. मास्टरिंग इंजिनिअरचं म्हणणं असं होतं की मिक्स त्याच्याकडे आलं तेव्हाच ते दाबलेलं होतं.

रेडिओवर उठून दिसावं म्हणून गाणी दाबतात, हे समर्थन तर मुळातच लंगडं आहे. रेडिओ केंद्राकडे स्वतःचं प्रोसेसर असतं आणि ते येईल त्या गाण्याला एकाच पातळीवर आणतं. जे गाणं आधीच दाबलेलं आहे त्याला ते आणखी दाबतं. ते मोठं होत नाही, फक्त अधिक चुरगळतं.

आता खेळाचे नियमच बदलले आहेत

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाच्या अंदाजाने लाउडनेस मोजायची पद्धत प्रमाणित केली. ती खर्जाला कमी आणि वरच्या कंप्रतांना जरा जास्त वजन देते, आणि ४०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांतून सरासरी काढते. पुढच्या सुधारणेत शांत तुकडे हिशेबातून वगळायची सोय आली. ती नसती तर निम्मी जाहिरात गप्प ठेवून उरलेल्या निम्मीत किंचाळायला मोकळीक राहिली असती. या पद्धतीचं एकक एलयूएफएस, स्टुडिओत बोलताना 'लफ्स'. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ लफ्स हे लक्ष्य ठरवलं. अमेरिकेत टीव्हीवरच्या किंचाळणाऱ्या जाहिरातींविरुद्धचा कायदा डिसेंबर २०१२ पासून लागू झाला.

संगीतासाठी खरा फरक पडला तो स्ट्रीमिंगने. या सेवा वाजवताना गाण्याची पातळी एका ठरलेल्या लक्ष्याशी जुळवतात. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ लफ्स, अॅपल म्युझिकच्या साउंड चेक या पातळी जुळवणाऱ्या सोयीचं उणे १६ च्या आसपास, यूट्यूबचं उणे १४. यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं, बारीक गाण्याला वर उचलत नाही. हा हिशेब एकदा नीट करून बघू.

एका गाण्याचं मिक्स घ्या. सरासरी उणे १४ लफ्स, शिखरं उणे १ वर. ते तसंच ठेवलं, ही पहिली आवृत्ती. दुसरीत लिमिटरने ६ डेसिबल वाढवले: सरासरी झाली उणे ८, शिखरं मात्र उणे १ वरच अडवली. (खऱ्या आयुष्यात सरासरी पूर्ण ६ ने वाढत नाही, कारण छाटताना थोडी ऊर्जाही जाते. ढोबळ हिशेबाला हे पुरे.) दोन्ही आवृत्त्या स्ट्रीमिंगवर चढवल्या. पहिलीला हात लागला नाही. दुसरी ६ डेसिबलने खाली आणली गेली: सरासरी उणे १४, शिखरं उणे ७. कानाला दोन्ही सारख्याच मोठ्या. पण पहिलीतला ड्रमचा ठोका उणे १ पर्यंत उसळतो आणि दुसरीतला उणे ७ वर संपतो, म्हणजे निम्म्या उंचीवर. वरचे ६ डेसिबल रिकामे पडले आहेत आणि त्या जागेत बसू शकणारे ठोके कापून टाकलेले आहेत. शर्यतीत जिंकण्यासाठी जे गहाण टाकलं, त्या शर्यतीला आता बक्षीसच नाही.

एवढं असूनही उणे ८ लफ्सची गाणी रोज येतात. काहींना ती भिंतीसारखी जाडी खरोखर हवी असते, आणि काही शैलींत तीच शोभते. तिथे लिमिटर हेही एक वाद्यच. तक्रार आहे ती सवयीने, दुसऱ्याच्या मागे राहू या भीतीने सतारीच्या अल्बमालाही तेच लावण्याबद्दल.

स्वतः तपासून बघायचं तर

ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर पुरतं. गाण्याची सीडीवरची किंवा लॉसलेस (काहीही टाकून न देता साठवलेली) फाइल उघडा. लांबून बघितल्यावर वेव्हफॉर्म केसाळ, टोकेरी दिसतो की वीट ठेवल्यासारखा, एवढं पहिल्या नजरेत कळतं. मग ध्रुवपदातल्या एखाद्या ठोक्यावर इतकं झूम करा की एकेक ठिपका दिसेल. निरोगी शिखराच्या माथ्यावर एखाद-दुसरा ठिपका असतो आणि दोन्ही बाजूंना उतार. कापलेल्या शिखरावर सलग आठ-दहा ठिपके एकाच उंचीवर, पट्टीने ओढल्यासारखे. असे दहा ठिपके म्हणजे सेकंदाचा सुमारे चार हजार चारशेवा भाग. एकदा झालं तर कानाला कळणार नाही, प्रत्येक ठोक्याला झालं तर नक्की कळेल.

'अॅनालाइझ'च्या यादीत 'फाइंड क्लिपिंग' आहे. त्यावर आंधळा विश्वास नको, कारण ते फक्त छताला टेकलेले ठिपके शोधतं. अनेक मास्टर आधी कापून मग ०.३ डेसिबलने खाली उतरवलेली असतात. माथा सपाटच, पण छताखाली, त्यामुळे साधन म्हणतं सगळं ठीक. एमपीथ्रीतही तेच, कारण रूपांतरात सपाट माथा पुन्हा जरा खडबडीत होतो. इथे डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि लिमिटरने दाबलेल्या गाण्यात सपाट माथे दिसतीलच असं नाही. तिथे खूण अशी की सगळी शिखरं एकाच रेषेत, कवायतीला उभी.

यूट्यूबवर आणखी सोपं. संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. तिथे 'कंटेंट लाउडनेस' म्हणून आकडा दिसतो. तो ५.२ डेसिबल असेल, तर गाणं लक्ष्यापेक्षा तेवढं मोठं आहे आणि यूट्यूबने ते ५५ टक्के पातळीवर उतरवलेलं आहे. आकडा उणे असेल तर गाणं आहे तसं वाजतंय.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना एक चूक हमखास होते: पातळी न जुळवता ऐकणं. आधी दोन्हींची सरासरी लफ्समध्ये मोजा आणि मोठी आवृत्ती खाली आणून बारकीशी जुळवा. उलट करू नका, बारकी वर उचलली तर तिची शिखरं छताला आपटतील. ऑडॅसिटीतल्या 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'मध्ये दोन्ही फाइलींना उणे २३ दिलं की काम झालं. मग कोणती कुठली ते दुसऱ्याला लावायला सांगून ऐका.

गाणं बनवणाऱ्यांसाठी

मिक्समधून मास्टरिंगला फाइल देताना मास्टर चॅनेलवरचा लिमिटर काढा, शिखरं उणे ३ ते उणे ६ च्या आसपास राहू द्या आणि २४ बिटांत निर्यात करा. २४ बिटांत ती रिकामी जागा फुकट आहे, तिने दर्जा कमी होत नाही. निर्मात्याला ऐकवायला मोठी प्रत लागतेच. ती वेगळी काढा आणि तिच्या नावातच तसं लिहा, नाहीतर तीच मास्टरिंगला जाते.

लिमिटर लावताना सर्वांत जड ठोक्यावर २-३ डेसिबल दाब दिसला की थांबून ऐका. जितके डेसिबल आत वाढवले तितकेच बाहेर कमी करा आणि लिमिटर चालू-बंद करून बघा. आता मोठेपणाची लाच नाही, त्यामुळे ठोका मऊ झाला असेल तर लगेच कळेल. हे न करता लिमिटरची पारख करणं म्हणजे तराजूवर अंगठा ठेवून वजन करणं.

लिमिटरचं छत ट्रू पीक उणे १ डेसिबलवर ठेवा. गाणं उणे १४ लफ्सपेक्षा मोठंच ठेवणार असाल तर स्पॉटिफायची सूचना उणे २ ची आहे, कारण दाबलेलं गाणं रूपांतरात जास्त उसळतं. आणि उणे १४ हा आकडा गाठायचाच म्हणून शांत गाणं दाबू नका. तो प्लेअरचा आकडा आहे, गाण्याचा नाही. एकट्या तानपुऱ्यावरचं गाणं उणे २० वर छान असेल तर उणे २० वरच राहू द्या. अल्बम असेल तर गाण्या-गाण्यांतलं प्रमाण कानाने ठरवा. अल्बम सलग ऐकणाऱ्यासाठी स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना एकच बदल लावतं, त्यामुळे ते प्रमाण टिकतं.

लाउडनेस हवाच असेल तर तो लिमिटरच्या आधी कमवा. दोन वाद्यं एकाच पट्ट्यात भांडत असतील तर एकाला तिथे वाट द्या. ३० हर्ट्झखालचा ऐकू न येणारा थरथराट काढा, तो छताखालची जागा उगाच खातो. मोठेपणा गाण्याच्या रचनेतूनही येतो. ध्रुवपदाआधीची ओळ थोडी रिकामी ठेवली तर ध्रुवपद १ डेसिबलही न वाढवता मोठं वाटतं.

ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे

छाटलेलं परत येत नाही. आवाज कमी केल्याने सपाट माथा उंच होत नाही, तो बुटका सपाट माथा होतो. क्लिपिंग दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर बाजूच्या उतारांवरून माथ्याचा अंदाज बांधतात. तुरळक कापाकापीवर ती कामाची, विटेवर फारशी नाहीत. लिमिटरची कामगिरी तर उलटी फिरवताच येत नाही, कारण कुठल्या क्षणी किती दाबलं याची नोंद फाइलमध्ये नसते.

त्यामुळे आवृत्ती निवडणं हाच खरा उपाय. जुन्या अल्बमची ऐंशीच्या दशकातली सीडी पुष्कळदा नंतरच्या 'रीमास्टर'पेक्षा मोकळी असते, अर्थात जुन्या सगळ्याच चांगल्या नाहीत. काही घाईने केलेल्या, पातळ आवाजाच्या आहेत. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या 'हाय-रेझ' फाइलीला जास्त पैसे देण्याआधी ती कोणत्या मास्टरवरून काढली ते बघा. दाबलेल्या मास्टरची हाय-रेझ फाइल म्हणजे विटेचा अधिक स्पष्ट फोटो.

तबकडीबद्दल जरा सावध राहा. डीआर नावाचा एक आकडा सर्रास वापरतात, तो मोठ्या भागातली सरासरी आणि शिखर यांतलं अंतर दाखवतो. एकाच अल्बमची सीडी ६ दाखवते आणि तबकडीवरून केलेली फाइल ११. बघणाऱ्याला वाटतं तबकडीचं मास्टर वेगळं, मोकळं आहे. असेलही. पण तबकडी कापताना आणि सुईने वाचताना वेगवेगळ्या कंप्रता एकमेकींच्या तुलनेत किंचित पुढे-मागे सरकतात, आणि तेवढ्यानेच सपाट माथ्यांवर पुन्हा टोकं उगवतात. मीटर ती मोजतो आणि आकडा वाढतो. मूळ फाइल तीच दाबलेली असू शकते. अशा वेळी आकडा सोडा, दोन्ही प्रती पातळी जुळवून लावा आणि फक्त ड्रमचा ठोका ऐका.

गाडीत, गर्दीत, रात्री हलक्या आवाजात ऐकायचं असेल तेव्हा दाबलेलं गाणं सोयीचं पडतं, यात खोटं काही नाही. बारीक जागा गोंगाटात बुडतात. पण ते काम प्लेअर करू शकतो. अनेक टीव्ही-रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' असतो, यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'स्टेबल व्हॉल्यूम' असतं. शांत खोलीत चांगल्या हेडफोनवर बसलात की ते बंद करायला विसरू नका. चालू राहिलं तर मोकळं मास्टरही तुमच्यापर्यंत दाबूनच येईल.